पाणपोईला गाडी थांबते

"अहो दादा, तुमची गाडी पाणपोईला थांबली नाय."

नवसाबाईंची आणि आमची ओळख या एका व्हॉइस मेसेजने झाली. त्याच्या आठवडाभर आधी मी यूट्यूबवर एक व्हिडिओ टाकला होता. मोबाइलवर बस चालवण्याचा एक गेम आहे, त्यात लोकांनी स्वतः बनवलेले रस्ते घालता येतात. मी नाशिक ते वणी हा रस्ता बनवला होता. सीबीएस स्टँड, निमाणी, म्हसरूळ, ढकांबे, दिंडोरी, लखमापूर फाटा, वणी. सात महिने लागले. उपग्रहाच्या जुन्या चित्रांवरून रस्ता उचलला, मोटरसायकलला फोन बांधून चढउतार मोजले, थांब्यांच्या पाट्या एकेक करून रंगवल्या. मग त्या रस्त्यावरून लाल बस चालवत नेली, व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, चूक दिसली तर कळवा. नंबर दिनेशभाऊंचा दिला होता.

दिनेशभाऊ म्हसरूळला राहतात, टेम्पो चालवतात आणि आमच्या ग्रुपचे डेपो मॅनेजर आहेत. ग्रुपचं नाव 'नाशिक डेपो'. खऱ्या एसटीशी आमचा काही संबंध नाही, हे आम्ही सगळ्यात वर लिहून ठेवलं आहे. आम्ही एकतीस जण. कुणी अंबडला कंपनीत, कुणी कॉलेजात, कुणी शेतात. दर रविवारी दुपारी तीनला सगळे ऑनलाइन येतात आणि आपापल्या फोनवरून एकाच रस्त्यावर बस चालवतात. शर्यत नसते. उलट जो वेळेआधी पोचेल त्याची पुढच्या आठवड्याची ड्यूटी कापली जाते. प्रत्येक बसला एक चालक आणि एक वाहक. वाहकाला गेममध्ये काही काम नाही, तो फक्त माइकवर असतो. थांबा आला की तो एकदा "टण" म्हणतो. प्रवासी चढले असं त्याला वाटलं की "टण टण". डबल बेल झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा डेपोचा पहिला नियम. बाहेरचे लोक आम्हाला सगळ्यात जास्त याच नियमावरून हसतात.

हसण्यासारखं घडतंही. पेठचा साई आमचा जुना चालक. घरात नेटवर्क नाही म्हणून टेकडीवर जाऊन खेळतो. एकदा त्याचा वाहक मधेच वीज आली म्हणून मोटर चालू करायला मळ्यात निघून गेला. साई सव्वीस मिनिटं ढकांब्याला उभा. मागून सगळे म्हणतायत, अरे, काढ गाडी. साई म्हणतो, "मास्तर येऊ दे."

तर असल्या ग्रुपला तो मेसेज आला. दिनेशभाऊंनी उत्तर दिलं, "ताई, पाणपोई म्हणून थांबा यादीत नाय."

दहा मिनिटांनी सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. मी तो अजून जपून ठेवला आहे. त्यात बाई एकदाही अडखळत नाही. म्हसरूळ सोडल्यापासून कुठे विहीर, कुठे वळण, कुठे मोरीवरून गाडी आदळते, सगळं क्रमाने सांगते. आणि शेवटी म्हणते, "यादीत नाय म्हणून मला सांगू नका. हे वाक्य मी आधी ऐकलेलं हाय. तुम्ही येऊन बघा."

आम्ही गेलो. रस्त्यापासून शंभर पावलांवर नवसाबाईंचं शेत आहे. निम्म्यात झेंडू, निम्म्यात शेवंती. बाई सेहेचाळीस वर्षांच्या, उंचीने कमी, मानेत ताठ. डोक्यावर वजन वाहणाऱ्या माणसाची मान असते तशी. त्यांची मुलगी दिशा फार्मसीला आहे. आमचा व्हिडिओ तिनेच त्यांना दाखवला होता.

"आईला म्हटलं, बघ तुझा रस्ता फोनात आलाय," दिशा म्हणाली. "तर शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाली, हा डायव्हर नवीन दिसतो, पाणपोई सोडून गेला."

पाणपोईची गोष्ट अशी. नवसाबाईंचं माहेर वणीकडचं. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा रस्त्याकडेला एक पडकी पाणपोई होती. माठ कधीच फुटलेले, ओटा तेवढा शिल्लक. पुढे ओटाही गेला, नाव राहिलं. रोज सकाळी पावणेसहाला तिथे एसटी थांबायची. नवसाबाई आणि आणखी तिघीजणी ओल्या कापडात बांधलेली फुलांची गाठोडी घेऊन चढायच्या, निमाणीला उतरायच्या आणि चालत गणेशवाडीच्या फूलबाजारात जायच्या. चालक बदलले, पण जाणारा येणाऱ्याला सांगून जायचा की इथे फुलवाल्या असतात. गाठोडी चढेपर्यंत कुणी घाई केली नाही. दसऱ्याला पहिल्या गाडीला हार नवसाबाईंचा. अशी बावीस वर्षं.

मग रस्ता रुंद झाला. मधे दुभाजक आला, गाड्या सुसाट जायला लागल्या आणि पाणपोईला कुणी थांबेना. आता त्या दीड किलोमीटर फाट्यापर्यंत चालत जातात, गाठोडं डोक्यावर घेऊन. त्याचंही त्यांना फारसं काही नव्हतं. त्यांना लागलं ते वेगळंच. थांबा परत द्या म्हणून अर्ज घेऊन त्या एका ऑफिसात गेल्या होत्या. तिथल्या माणसाने यादी बघितली आणि शांतपणे सांगितलं, पाणपोई असा थांबा कधी नव्हताच. चालक आपल्या मनाने थांबवत असतील. फार तर विनंती थांबा म्हणता येईल, पण त्याचीही नोंद नाही.

"कधी नव्हताच म्हणे," नवसाबाई आम्हाला सांगत होत्या आणि हात झेंडूतच चालले होते. "आता नाय म्हणला असता तर ऐकलं असतं. कधी नव्हताच? मग बावीस वर्षं मी काय हवेत चढत होते का?"

दिनेशभाऊ म्हणाले, "ताई, आमच्या रस्त्यात टाकू आपण."

"उपकार म्हणून नको. होता म्हणून टाका."

पुढचे दोन महिने मी त्या बाईंकडून रस्ता शिकलो. माझ्याकडे मोजमापं होती, पण उपग्रहाला चढ नीट कळत नाही आणि मोटरसायकलवर बांधलेला फोन हलतो. नवसाबाईंना रस्ता वजनाने ठाऊक होता. मी फोन त्यांच्यासमोर धरून बस चालवायचो आणि त्या सांगायच्या, "इथं गाठोडं उजवीकडं कलंडतं. तुझ्या गाडीत कलंडत नाय." मी वळणाचा उतार दोन अंशांनी वाढवायचो. "आता कलंडलं. लय कलंडलं, थोडं कमी कर." अशी बारा वळणं दुरुस्त केली. नंतर मी मुद्दाम मोजायच्या उपकरणाने तपासून बघितलं. अकरा बरोबर होती. बाराव्याचं त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "तुझं मशीन बघ परत." ते खरंच चुकीच्या जागी लावलं होतं मी.

पाणपोईची पाटी लागली त्या रविवारी बारा बसगाड्या तिथे थांबल्या. नवसाबाई फोनवर बघत होत्या. सगळ्या गाड्यांच्या डबल बेल झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता मला बी चालवू द्या."

"मावशी, तुम्हाला सायकल येते का?" साईने टेकडीवरून विचारलं.

"नाय येत. तुला फुलं तोडता येतात का?"

"नाय."

"मग गप बस. शिकव."

पहिल्या दिवशी त्यांनी बस दोनदा द्राक्षबागेत घातली. दुसऱ्या रविवारी एकदा. फुलं निवडायच्या शेडमध्ये रिकामा क्रेट उलटा ठेवायचा, त्यावर वीट, विटेला टेकून फोन, ही त्यांची केबिन. दिशा शेजारी बसून टोमणे मारायची, "आई, इंडिकेटर दे, मागच्याला काय स्वप्न पडणार आहे का?" चार महिन्यांत त्या डेपोच्या सगळ्यात सावकाश आणि सगळ्यात स्वच्छ चालक झाल्या. एकदाही धक्का नाही, एकदाही थांबा चुकला नाही. ग्रुपवर एअर ब्रेकचा आवाज खरा कोणता यावर तीन दिवस भांडण चाललं होतं, लोक रेकॉर्डिंग टाकत होते. ते मिटवलं नवसाबाईंनी. "पहिले दोन खोटे. तिसरा खरा, पण ती गाडी रिकामी होती. भरलेल्या गाडीचा सुस्कारा लांब असतो."

तेव्हापासून नव्या आवाजाची फाइल आली की आधी मावशींना पाठवायची, असं ठरूनच गेलं.

मग 'रॉयल बस क्लब'चा मेसेज आला.

या क्लबचे नऊ हजार सभासद आहेत. वर्षातून एकदा ते मोठा कॉन्व्हॉय काढतात. एकामागे एक साठेक बसगाड्या, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, वेळेवर आणि शिस्तीवर गुण. क्लबचा अॅडमिन अमित ठाण्याचा. त्याने दिनेशभाऊंना लिहिलं की यंदाचा कॉन्व्हॉय तुमच्या नाशिक-वणी रस्त्यावर करायचा आहे. आणि पुढे राहायचा मान नाशिक डेपोला.

ग्रुपवर त्या दिवशी कुणी काम केलं नाही. मी कंपनीत मशीनसमोर उभा राहून फोन बघत होतो. मी बनवलेल्या रस्त्यावर साठ बसगाड्या! आमचं कुणी कुठे नाव घेत नव्हतं, आणि आता नऊ हजार लोक म्हसरूळचं वळण बघणार होते.

क्लबचे नियम आले. ओव्हरटेक बंद. सगळ्यात सावकाश चालक सगळ्यात पुढे, म्हणजे रांग तुटत नाही. यावर वादच नव्हता, पहिल्या बसला नवसाबाई. त्यांचे वाहक स्वतः दिनेशभाऊ. आणि तिसरा नियम, थांबे फक्त अधिकृत. अमितने कुठूनतरी थांब्यांची यादी काढून नकाशाशी ताडून बघितली होती. सात बरोबर. आठवा यादीत नव्हता. "पाणपोई काढून टाका," त्याने लिहिलं. "असा थांबा कधी नव्हताच. साठ बस उगाच थांबून वेळ जाईल. प्रेक्षक कंटाळतात."

दिनेशभाऊंनी मला फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "एका दिवसापुरती पाटी काढ. सोमवारी परत लाव."

"मावशींना सांगितलं?"

"सांगतो मी."

मी पाटी काढली. पाटी, चार उभे प्रवासी आणि कडेची पांढरी पट्टी. दोन मिनिटांचं काम. लावायला मला एक आख्खा दिवस लागला होता.

दिनेशभाऊंनी सांगितलंच नाही. शनिवारी दुपारी सराव होता. नवसाबाई पुढे, मागे आम्ही दहा. विहीर गेली, वळण गेलं, आणि पहिली बस सावकाश डावीकडे आली आणि उभी राहिली. तिथे नुसतं गवत होतं.

"पाटी कुठंय?" माइकवर आवाज आला.

दिनेशभाऊंनी मग सगळं सांगितलं. एका दिवसापुरतं आहे, मोठी संधी आहे, सोमवारी परत लागेल. ते भराभर बोलत होते. त्यांना कधी असं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"यादीत नाय म्हणून?" नवसाबाईंनी विचारलं.

"हो."

"कधी नव्हताच, असं म्हणाले का?"

"हो. असंच म्हणाले."

"बरं," नवसाबाई म्हणाल्या. "माझा नंबर तेवढा बदलू नका. पुढंच राहू द्या."

"मावशी, तुम्ही उद्या..."

"बेल द्या, दिनेशभाऊ. रिकामी गाडी किती वेळ उभी करायची?"

रविवारी तीनला बासष्ट बसगाड्या सीबीएसला लागल्या. नागपूर, सांगली, लातूर, कुठून कुठून लोक. आमच्या अकरा पुढे, मागे इतर क्लब. थेट प्रक्षेपण चालू होतं आणि कोपऱ्यात प्रेक्षकांचा आकडा वाढत होता. अमित मार्शल म्हणून सगळ्यांच्या कानात बोलत होता. त्याचा आवाज चांगला आहे, रेडिओवरच्या माणसासारखा. "लीड बस, नाशिक डेपो, चालक नवसाबाई. मंडळी, टाळ्या! या वयात गेम खेळतायत."

"वय काय काढतो," साई हळूच म्हणाला. त्याचा माइक चालू आहे हे त्याला माहीत होतं.

निमाणी झालं. म्हसरूळ झालं. माझा रस्ता बासष्ट बसगाड्यांच्या वजनाखाली नीट चालत होता, कुणाचा फोन अडकला नाही, वळणावर कुणी उडालं नाही. मी सातव्या बसमध्ये होतो. खरं सांगायचं तर त्या वेळी मी पाणपोई विसरलो होतो.

विहीर आली. वळण आलं. दिनेशभाऊंचा आवाज आला नाही, सिंगल बेल झाली नाही. तरी पहिल्या बसचा डावा दिवा लुकलुकायला लागला. बस सावकाश कडेला आली आणि उभी राहिली. मागे दुसरी. मग तिसरी. मग बासष्टावीपर्यंत सगळ्या.

"लीड बस?" अमित म्हणाला. "काय झालं? नेटवर्क गेलं का?"

"नेटवर्क हाय. थांबा हाय."

"कोणता थांबा? तिथे काहीच नाही."

"पाणपोई."

"अहो, मॅपवर नाही तो."

"तुमच्या मॅपवर नाय. माझ्या हाय."

अमित हसला. प्रेक्षकांसाठी हसला असावा. "ताई, हा गेम आहे. लाइव्ह चालू आहे. गाडी काढा प्लीज."

"डबल बेल झाली नाय."

"काय?"

"आमच्या डेपोचा नियम हाय. डबल बेल झाल्याशिवाय गाडी हलत नाय. कंडक्टरला विचारा."

आता सगळे दिनेशभाऊंची वाट बघत होते. त्यांनी फक्त दोन शब्द म्हणायचे होते. म्हणाले असते तर पंधरा सेकंदांत सगळं मिटलं असतं, आणि नवसाबाईंनी गाडी काढलीही असती, कारण नियम नियम असतो. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. या कॉन्व्हॉयसाठी ते दोन आठवडे धडपडले होते, टेम्पोच्या तीन फेऱ्या सोडल्या होत्या.

"मावशी," ते शेवटी म्हणाले, "इथं गाडी किती वेळ थांबायची हो?"

"चार गाठोडी चढेस्तोवर."

"म्हणजे किती?"

"माझं लगेच. पण पलीकडच्या सुमनबाईचं गुडघ्याचं दुखणं. तिला हात द्यायला लागायचा. तीन-साडेतीन मिनिटं धरा."

"सर," दिनेशभाऊ अमितला म्हणाले, आणि त्यांचा आवाज आता अजिबात घाईत नव्हता, "पॅसेंजर चढतायत."

"कोण चढतंय? रिकाम्या रस्त्यावर?"

"फुलवाल्या."

दुसऱ्या बसमधून साई म्हणाला, "मागच्या दारानं बी चढतायत सर. जरा सरकून घ्या पुढं."

"मी डिस्क्वालिफाय करतोय हां. पूर्ण डेपो. ओव्हरटेक करून जा रे मागच्यांनी."

"सर, ओव्हरटेक बंद आहे," मागून कुणीतरी म्हणालं. "तुमचाच नियम. दहा गुण जातात."

ती साडेतीन मिनिटं मी घड्याळ लावून मोजली नाहीत, पण रेकॉर्डिंगवर नंतर बघितली. पहिलं मिनिट प्रेक्षक शिव्या देत होते. कुणी लिहिलं, आजीला झोप लागली. कुणी लिहिलं, म्हातारीला घरी बसवा. अमित एकेका नियमाचा आकडा सांगत होता. दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी माइकवर विचारलं, इथे खरंच थांबा होता का? त्यावर नवसाबाई बोलल्या. भाषण वगैरे नाही, त्या नेहमी बोलतात तसंच.

"होता म्हणजे काय. सकाळी पावणेसहा. गाडी यायची तर आधी दिवे दिसायचे त्या विहिरीच्या कठड्यावर. मग आम्ही गाठोडी उचलायचो. थंडीत फुलांचं पाणी मानेवरून पाठीत जायचं. चढलं की ड्रायव्हर विचारायचा, आज किती जणी? तीन असल्या तर चौथीची वाट बघायचा. बावीस वर्षं. आता मला सांगतात नव्हताच. तुम्ही बी सांगता नव्हताच. नसू दे यादीत. मी थांबणार."

तिसऱ्या मिनिटाला शिव्या थांबल्या होत्या, किंवा इतर लिखाणात दिसेनाशा झाल्या होत्या. कुणी एक घोटीचा राज, सांगलीच्या क्लबबरोबर आलेला, त्याने लिहिलं, आमच्याकडेही असा होता, भाताची पोती चढायची. मग त्याच्या बसचे आतले दिवे लागले. आमच्या खेळात दार उघडलं की आतले दिवे लागतात. त्याने दार उघडलं होतं.

"चढली का सुमनबाई?" दिनेशभाऊंनी विचारलं.

"चढली. बसली बी."

"टण टण."

पहिल्या बसने उजवा दिवा दिला, आरसा बघावा तेवढा वेळ घेतला आणि रस्त्यावर आली.

ढकांब्याच्या आत आमची अकरा नावं यादीत लाल झाली. बाद. तरी आम्ही गाड्या चालवत राहिलो, कारण पुढे थांबे होते. दिंडोरी, लखमापूर फाटा. प्रत्येक ठिकाणी सिंगल बेल, डबल बेल. वणीला पोचलो तेव्हा आख्खा कॉन्व्हॉय तीन मिनिटं चाळीस सेकंद उशिरा होता, आणि अमित कुणाचंही अभिनंदन न करता प्रक्षेपण बंद करून गेला होता.

"दहा सेकंद जास्त गेली," नवसाबाई म्हणाल्या. "ती लखमापूर फाट्याला माझ्याच्याने गेली. ब्रेक लवकर दाबला."

सोमवारी क्लबचं पत्र आलं. नाशिक डेपोवर एक वर्षाची बंदी. पण दोन गोष्टी केल्या तर बंदी उठेल. नवसाबाईंनी सगळ्यांसमोर माफी मागायची, आणि मी पाणपोई नसलेला रस्ता क्लबच्या नावावर द्यायचा. ग्रुपवर थोडी कुरकुर झाली, नाही असं नाही. दोघंजण म्हणाले, माफीत काय जातं? परत एवढी मोठी संधी कधी येणार? त्यांचंही चुकीचं नव्हतं. ते दोघं नंतर ग्रुप सोडून गेले. त्यांच्या जाण्याचं वाईट वाटलं, एकाने आमच्या सगळ्या बसगाड्यांचे रंग केले होते.

नवसाबाईंनी अमितला थेट व्हॉइस मेसेज पाठवला आणि तोच ग्रुपवर टाकला. अकरा सेकंदांचा आहे.

"अमितदादा, माफी कशाची मागू? गाडी थांब्यावर थांबली, त्याची? ती मी परत थांबवणार हाय. तर मग खोटी माफी कशाला घेता?"

दिनेशभाऊंनी त्याखाली लिहिलं, "डेपो मॅनेजर सहमत." मग वेगळ्या ओळीत, "शनिवारची चूक माझी होती, मावशी." नवसाबाईंनी त्यावर झेंडूच्या फुलाचं चित्र टाकलं. रस्ता द्यायचा नाही, हे मी क्लबला एका ओळीत कळवलं.

त्यानंतर एक गोष्ट आम्हाला कुणालाच अपेक्षित नसलेली झाली. दिनेशभाऊंच्या नंबरवर मेसेज यायला लागले. पहिला घोटीच्या राजचा. मग लातूरकडचा एक, मग नागपूरचे दोघं. प्रत्येकाचं म्हणणं एकच, आमचा एक थांबा होता, तो रस्त्यात टाकून द्याल का? कुणी फोटो पाठवत होतं, कुणी आईला बोलायला बसवून तिचा आवाज पाठवत होतं. आठवड्यात चौदा झाले. मी म्हटलं, मला एवढे रस्ते बनवायला जन्म पुरणार नाही. नवसाबाई म्हणाल्या, "तू नको बनवू. त्यांना शिकव. मला नाय का शिकवलं?"

पुढच्या शनिवारी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेडमध्ये गेलो. पाणपोईची पाटी परत लावायची होती, आणि ती त्यांच्यासमोर लावायची असं मी ठरवलं होतं. समोर निवडलेल्या शेवंतीचा ढीग होता. दिशाने चहा आणला. मी चार प्रवासी उभे केले, पांढरी पट्टी ओढली. नवसाबाईंनी हात पुसले आणि पडद्याजवळ येऊन बघितलं.

"ही बाई एवढी मागं का उभी केली? सुमनबाई पुढं असायची. तिला आधी चढवायला लागायचं."

मी बाई पुढे आणली.

"आता बरोबर."

मग मी पाटी उभी केली. आधीची पाटी साधीच होती, आता नीट रंगवली होती. लाल कड, पांढरी जमीन, काळी अक्षरं. नियमाप्रमाणे असावं म्हणून मी त्यावर दोन ओळी लिहिल्या होत्या. वर 'पाणपोई'. खाली लहान अक्षरात 'विनंती थांबा'.

नवसाबाईंनी वाचलं. चष्मा वर करून परत वाचलं.

"विनंती कशाला?" त्या म्हणाल्या. "ती केली होती मी, ऑफिसात. झाली करून. तेवढा शब्द काढ."

मी काढला. पाटीवर खाली नुसतं 'थांबा' राहिलं, आणि त्या जागेत ते थोडं एका बाजूला दिसत होतं.

"मधे घे," नवसाबाई म्हणाल्या. "आणि मोठं कर. लांबून दिसलं पाहिजे."